डोंगरावर राहिलेला वरवंटा

कोल्हापूर,
६ जानेवारी २०२५

ती. क्रांतीताई यांच्या सेवेशी,
स. जयभीम वि. वि.

इकडे सर्व ठीक. तिकडे ठीक असणारच, कारण तिकडे तुम्ही आहात.

पत्रास तसंच कारण घडलं आहे. एरवी औषधांच्या यादीशिवाय आपण एकमेकींना काही लिहीत नाही, आणि ती यादीही तुम्ही लाल पेनानं सुधारून परत पाठवता. मुख्याध्यापिका निवृत्त झाली तरी पेन निवृत्त होत नाही, हे मी समजून आहे.

अडीच वर्षांपूर्वी तुमच्या आर्यनच्या हळदीच्या जेवणात मी एवढंच म्हणाले की पांढरा रस्सा जरा पातळ झालाय. त्यावर तुम्ही भर मांडवात म्हणालात की माझ्या आईच्या पाठीला जखम झाली ती तुला दिसली न्हाय, रश्श्यातलं पाणी बरं दिसलं. तेव्हापासून आपला अबोला. जी आधी बोलेल ती हरली, हे कुणी ठरवलं नाही, पण दोघींनाही पाठ आहे. तुम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी येता, आईंच्या उशाशी बसता आणि आईंना सांगता की तुझ्या सुनेला म्हणावं, चहात साखर कमी घाल. मीही आईंनाच सांगते की तुमच्या लेकीला म्हणावं, साखरेचा डबा तिथंच आहे. आई बिचाऱ्या चार वर्षं अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या, तोंडातून दिवसाकाठी चार शब्द निघतात. त्यांना आपण पोस्टमनची नोकरी लावली आहे.

नोकरीवरून आठवलं. मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला आहे. या महिन्याच्या ३१ तारखेपर्यंत दिला तर एप्रिलअखेर मोकळी. आईंना बघायला ठेवलेली चौथी बाईही सोडून गेली, आणि दिवसा घरात कुणीतरी हवंच. घरात नोकऱ्या दोन. त्यातली कुणाची सुटणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तुमच्या बंधूंना सांगितलं तर ते म्हणाले, तुला योग्य वाटेल ते कर, आणि मॅच बघत बसले. सव्वीस वर्षं त्या खुर्चीत काढली. जूनमध्ये अधीक्षक होणार होते. असू दे.

अर्ज देण्याआधी मला एक रविवार हवा आहे. ऑफिसातली संयोगिता एका मंडळाबरोबर डोंगर चढायला जाते, तिनं मलाही ओढलं आहे. १९ तारखेला. मी आजवर ऑफिसच्या जिन्याशिवाय काही चढलेले नाही. डोंगर कुठला, तर तुमच्याच घरामागचा, घोडेपाठीचा. त्या दिवशी तुम्ही इकडं येऊन आईंजवळ बसाल का? म्हणजे मी तुमच्या दारात आणि तुम्ही माझ्या घरात. भेट होणार नाही, हा त्यातला फायदा.

लोभ आहेच, तो असाच न बोलता चालू ठेवावा.

आपली,
प्रीती

---

गारगोटी,
९ जानेवारी २०२५

चि. सौ. प्रीतीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. चुका तीनच निघाल्या. प्रगती आहे.

घोडेपाठीच्या डोंगरावर आमच्याकडं फक्त शेळ्या जातात आणि हरवलेली म्हैस शोधणारे जातात. तू यातल्या कशात मोडतेस ते कळवलं नाहीस. मी एकतीस वर्षं त्याच्या पायथ्याशी राहते, कधी वर गेले नाही. त्यानं कधी मला बोलावलं नाही, मीही त्याच्याकडं पाहुणी गेले नाही. दुरून डोंगर साजरे ही म्हण मी पोरांना जन्मभर शिकवली, तीसुद्धा जवळ राहून. आता कोल्हापूरची माणसं गाडी करून येऊन चढणार म्हटल्यावर डोंगरालाही जरा बरं वाटेल.

अर्जाचं म्हणशील तर नोकरी तुझी, अर्ज तुझा. मी कोण सांगणार? आर्यनचे पप्पा गेल्यापासून, आणि आर्यन पुण्याला गेल्यापासून, चार खोल्यांत मी एकटी असते. वेळ इतका आहे की वर्तमानपत्रातल्या जाहिरातीही सुधारून ठेवते. पण मला कुणी काही विचारत नाही. विचारलं नाही की मी सांगत नाही, हा माझा स्वभाव तुला माहीत आहे.

१९ तारखेला पहिल्या एसटीनं येईन. तुझ्या सहलीसाठी नाही, माझ्या आईसाठी. यादी पाठवू नकोस. मी तिची लेक आहे, मला सगळं येतं.

तब्येतीस जपावे. वर चढताना खाली बघू नये, म्हणतात.

तुझी नणंद,
क्रांती

---

कोल्हापूर,
१३ जानेवारी २०२५

ती. क्रांतीताई यांच्या सेवेशी,
स. जयभीम वि. वि.

यादी पाठवू नकोस म्हणालात, म्हणून पाठवते आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची. भिंतीवर तक्ता आहे, त्यात वेळेसमोर खूण करायची. पाठ कोमट पाण्यानं पुसून पूर्ण कोरडी करायची, मगच पावडर. सकाळी पेज द्यायची, पातळ, पण हळदीतल्या रश्श्याइतकी नाही. दुपारी एकची गोळी चुकवायची नाही, चुकली की संध्याकाळी हातपाय ताठरतात. बाकी तुम्हाला सगळं येतंच.

आता माझं ऐका. ज्या मंडळाबरोबर मी जाते आहे त्याचं नाव रविवार डोंगर मंडळ. आधी ते शनिवार रस्सा मंडळ होतं. डॉक्टरांनी निम्म्या सभासदांना चालायला सांगितलं, तेव्हा त्यांनी वार बदलला, नाव बदललं आणि रस्सा तोच ठेवला. वर जायचं, तांबडा-पांढरा करायचा, खायचा आणि उतरायचं. बाकीचं जग डोंगरावर शांतता शोधायला जातं, आपला कोल्हापूरकर चुलीला दगड शोधायला जातो.

मंडळाचे अध्यक्ष बाळासो यांनी मला फोनवर नियम समजावून दिला. पातेलं, मटण, लाकडं जुने सभासद नेतात. नव्या माणसानं पहिल्या खेपेला वरवंटा न्यायचा. वर मिक्सर चालत न्हाय, आणि चालला तरी मिक्सरातल्या खसखशीला चव न्हाय. पाट्याला वर सपाट कातळ हाय, वरवंटा मात्र खालनंच न्यायला लागतोय. मी विचारलं की त्याऐवजी लिंबं आणली तर चालतील का? ते म्हणाले, लिंबांपातूर पोचायला पाच वर्षं लागत्यात.

आमच्या घरात वरवंटा एकच, आईंचा. त्यांनी माहेराहून डोक्यावर आणलेला. तुम्ही दोनदा मागितलात आणि मी दोनदा ऐकू न आल्यासारखं केलं, तोच. तो घेऊन जाते आहे. बूट श्रुतीचे आहेत, माझ्या पायाला एक नंबर मोठे. लेकीनं मुंबईहून फोनवर सांगितलं की मम्मी, सामान कमीत कमी ठेव. वरवंट्याचं तिला सांगितलं नाही.

कृपा असावी, आणि एकची गोळी विसरू नये.

आपली,
प्रीती

---

कोल्हापूर,
१५ जानेवारी २०२५

ती. ताईस,
स. जयभीम.

मी तुमच्या दोघींच्या मध्ये पडत नाही, हे तुला माहीतच आहे. हे पत्रसुद्धा मध्ये पडण्यासाठी नाही. येताना काकवी आणशील का, हे विचारायला लिहितो आहे.

आणि एक. रविवारी प्रीती सहाला निघणार, तुझी एसटी साडेसातपर्यंत पोचणार. तो दीड तास मी आणि आई. मला भीती वाटते. आईला उचलायचं म्हटलं की मी एक पाऊल मागं सरतो. मला पाठीशी बांधून तिनं लोकांच्या शेतात भाताची लावण केली आणि मला तिची कूस बदलता येत नाही. हे प्रीतीला सांगू नकोस.

अर्जाचं तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, तुला योग्य वाटेल ते कर. त्या वेळी ते उत्तर वाटलं होतं. आता वाटतं, ते उत्तर नव्हतं.

काकवी घट्ट झाकणाच्या डब्यात आण, मागच्या वेळी पिशवी चिकट झाली होती.

तुझा,
प्रसेनजीत

---

कोल्हापूर,
२० जानेवारी २०२५

ती. क्रांतीताई यांच्या सेवेशी,
स. जयभीम वि. वि.

हे पत्र उभ्यानं लिहिते आहे, कारण बसता येत नाही. वरवंट्यानं माकडहाडाचा निकाल लावला आहे.

वाटेत मुधाळतिट्ट्याला तुमची एसटी आणि आमचा टेंपो समोरासमोर आला. तुम्ही खिडकीत होतात. मी तोंड फिरवलं, त्याच वेळी तुम्हीही फिरवलं. इतक्या एकमतानं आपण अडीच वर्षांत काही केलं नव्हतं.

पायथ्याला तुमच्या शेजारच्या बयाबाई शेळ्या घेऊन भेटल्या. मला बघून म्हणाल्या, क्रांतीबाईंची वहिनी न्हवं? मग विचारलं, कशापायी चढताय, काय हरवलंय काय? मी म्हणाले, काही नाही, रविवार आहे म्हणून. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मलाच माझी कीव आली.

चढाचं काय सांगू? पहिल्या पंधरा मिनिटांत कळलं की मला दोन गुडघे आहेत आणि दोघांचं आपसात पटत नाही. बाळासो दर दहा पावलांना म्हणत होते, ह्ये काय, दिसतंय की! दिसत होतं खरं. चंद्रही दिसतो. पातेलं नेणारा माणूस माझ्या पुढं निघून गेला, लाकडांची मोळी पुढं गेली, सहा किलो मटण पुढं गेलं. शेवटी मी आणि वरवंटा. अर्ध्या वाटेवर एका करवंदीच्या जाळीजवळ मी बसले आणि संयोगिताला म्हणाले, तू हो पुढं, मी आलेच. यायचा माझा विचार नव्हता.

तिथं दहा मिनिटं बसले, ताई. दहा मिनिटांत मला कुणीही हाक मारली नाही. ना घरातून, ना साहेबांच्या केबिनमधून. चार वर्षांत असं झालं नव्हतं. आणि मला रडू आलं. आधी वाटलं, पाय दुखतात म्हणून. मग कळलं की नाही. मला नोकरी सोडायची नाही. ती खुर्ची, टेबलावरची माझ्या नावाची पाटी, फायलींचा तो कुबट वास, मला सगळं हवं आहे. श्रुती तीन महिन्यांची असताना आईंनीच तिला मांडीवर घेऊन मला ऑफिसात पिटाळलं होतं, मी ऊर रिकामा करून दूध काढून ठेवायची आणि बस पकडायची. ती नोकरी आता त्यांच्याचसाठी सोडायची. हे मी घरी कुणाला बोलले नव्हते. डोंगराला बोलले, कारण तो कुणाला सांगत नाही. आता तुम्हाला लिहिते, कारण आपण बोलत नाही.

रडून झाल्यावर चढ सोपा झाला असं पुस्तकात लिहितात. तसं काही झालं नाही. पण चढले. वर वारा असा की पदर गारगोटीला निघाला होता. खाली तुमचं घर दिसलं, पत्र्यावर वाळत घातलेली लाल चादर दिसली. आणि मोबाइलला रेंज आली. घड्याळात पाहिलं तर एक. हात आपोआप घरी फोन लावून बसला, गोळी दिली का विचारायला. यांच्या फोनवर तुम्ही असाल हे डोक्यातच आलं नाही. पलीकडून उचलला आणि हॅलोसुद्धा ऐकू आलं नाही, तेव्हा ओळखलं. एवढं ठाम गप्प बसणारं माणूस आपल्या घराण्यात एकच आहे.

मीही बोलले नाही. मागं आईंच्या खाटेचा आवाज येत होता. पूर्ण एक मिनिट आपण दोघी फोन कानाला लावून उभ्या होतो. मग रेंज गेली.

रस्सा झाला. पातळ झाला होता. मी काही बोलले नाही.

उतरताना पाठ एकदम हलकी वाटली. वाटलं, हाच तो डोंगराचा गुण, मन हलकं होतं म्हणतात ते हेच. घरी येऊन पाठीवरची पिशवी उघडली तेव्हा कळलं की वरवंटा वरच राहिला. पाण्याच्या टाक्याच्या कडेला, काळ्या कातळावर.

तुमच्या आईंचा वरवंटा मी हरवला आहे. आता काय बोलायचं ते लिहा.

आणि रडले म्हणून अर्ज थांबणार आहे असं समजू नका. वाटणं वेगळं, घर चालणं वेगळं. येत्या सोमवारी देणार आहे.

राग असू द्यावा, पण पत्र पाठवावं.

आपली,
प्रीती

---

गारगोटी,
२२ जानेवारी २०२५

चि. सौ. प्रीतीस,
अ. उ. आ.

वरवंटा डोंगरावर विसरून आलेली बाई मी पाहिली नव्हती. लोक छत्री विसरतात, चष्मा विसरतात. चार किलोचा दगड पाठीवरून गेला आणि तुला वाटलं मन हलकं झालं. धन्य आहेस.

तुझ्या घरी साडेसातला पोचले तेव्हा प्रसेनजीत आईच्या खाटेजवळ हाताची घडी घालून उभा होता, वर्गाबाहेर काढल्यासारखा. मी त्याला म्हणाले, धर खांद्याला. तो म्हणाला, मला न्हाय जमत. मी म्हणाले, पावकीचा पाढासुद्धा तुला जमत नव्हता. संध्याकाळपर्यंत चार वेळा कूस बदलली त्यानं. शेवटच्या वेळी मी नुसती बघत होते. एकची गोळी त्यानं दिली, त्याचे हात गुंतलेले म्हणून फोन मी उचलला. तेवढं एक मिनिट माझं फुकट गेलं.

आता मुद्द्याचं. आईची पाठ बघितली. चष्मा लावून बघितली, मग चष्मा पुसून परत बघितली. माझ्या स्वतःच्या पाठीपेक्षा स्वच्छ आहे. दुपारपर्यंत माझी कंबर धरली, आणि तू हे चार वर्षं ऑफिसच्या आधी आणि ऑफिसच्या नंतर करतेस. मला सगळं येतं असं मी लिहिलं होतं. मला त्यातलं निम्मं आलं नाही. पेज करपली. आईनं खाल्ली, ती माझी आई म्हणून.

भिंतीवरचा तक्ता बघून मी प्रसेनजीतला विचारलं, जुने कुठं असतात? त्यानं कपाटातून गठ्ठा काढून दिला. तुझ्या ऑफिसातसुद्धा इतकी व्यवस्थित फाइल नसेल. मी आर्यनच्या हळदीच्या आधीचा आठवडा काढला. त्यातल्या पाच दिवसांच्या खुणांत तुझं अक्षर नाही. प्रसेनजीतचं आहे. दिवसाला दोनच खुणा. वर कोपऱ्यात तू लिहिलंस, मला ताप, सलाइन. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं मान खाली घातली.

हे तू मांडवात का बोलली नाहीस? एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं. मी लाल पेन काढला होता, तसाच परत ठेवला. त्या तक्त्यावर सुधारण्यासारखी चूक माझी आहे, आणि ती लिहायला त्यात रकाना नाही.

आई दुपारी स्वयंपाकघराकडं बोट करून काहीतरी म्हणत होती. तीनदा विचारलं तेव्हा शब्द कळला. वरवंटा. पाटा रिकामा बघून ती बेचैन झाली होती. तिला काय सांगू, तो सहलीला गेलाय?

रविवारी मी आणायला जाणार आहे.

अ. आ. आहेतच.

क्रांती

---

कोल्हापूर,
२४ जानेवारी २०२५

ती. क्रांतीताई यांच्या सेवेशी,
स. जयभीम वि. वि.

एकोणसाठ वर्षांच्या बाईनं एका दगडासाठी डोंगर चढू नये. मी जोतिबाच्या वाटेवरून नवा घेऊन येईन, आईंना फरक कळणार नाही. कळेल, पण त्या बोलणार नाहीत.

मांडवात का बोलले नाही असं विचारलंत. बोलले असते तर सगळ्या पाहुण्यांसमोर तुमच्या भावाची मान खाली गेली असती. तुमचा राग माझ्यावर निघाला, तो परवडला. शिवाय तुम्ही रागात छान दिसत होतात.

यांनी काल रात्रीची कूस न सांगता बदलली आणि तक्त्यावर खूण केली. खूण चुकीच्या रकान्यात आहे. मी खोडली नाही. पण दिवसा हेही कामावर आणि मीही. त्यामुळे अर्ज सोमवारी देणारच. पिशवीत घालून ठेवला आहे.

जाऊ नका. गुडघ्यांचा विचार करावा, ही विनंती.

आपली,
प्रीती

---

गारगोटी,
२७ जानेवारी २०२५

चि. सौ. प्रीतीस,
अ. उ. आ.

तुझं जाऊ नका असं पत्र आज सकाळी मिळालं. मी काल जाऊन आले.

शाळेतलं झेंडावंदन उरकलं आणि तशीच, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत आणि शाळेच्या चपलांत निघाले. बयाबाई बरोबर. ती म्हणाली, बाई, तुमचं काय हरवलंय? मी म्हणाले, आईचा वरवंटा. तिला हे लगेच पटलं. तुझं रविवार आहे म्हणून चढणं तिला अजून पटलेलं नाही.

चढाबद्दल तू लिहिलंस ते मला वाढवून लिहिल्यासारखं वाटलं होतं. तू कमी लिहिलंस. करवंदीच्या जाळीपाशी मीही बसले. तू म्हणालीस तसं तिथं कुणी हाक मारत नाही. पण मला घरीही कुणी मारत नाही, त्यामुळे मला त्याचं काही अप्रूप वाटलं नाही. मला तिथं उलटंच वाटलं. कुणीतरी मारावी.

वरवंटा टाक्याच्या कडेला होता. त्याच्यावर खसखस वाळली होती, मुंग्या लागल्या होत्या आणि एक सरडा बसला होता. सरड्याला उठवलं, वरवंटा टाक्याच्या पाण्यानं धुतला, पदरात घेतला. मध्ये बोटांनी झिजून खोलगट झालेला भाग आहे बघ, तिथं माझा हात बरोबर बसला. एकतीस वर्षं त्या डोंगराच्या खाली राहिले आणि त्याच्यावर पहिल्यांदा गेले ते आईची वस्तू आणायला. आई मात्र पन्नास किलोमीटरवर. तिच्यासाठी मी महिन्यातून एक रविवार काढते आणि बाकी दिवस तुझ्या चुका काढते. वर बसून हे लख्ख कळलं. मला माझी लाज वाटली, हे लिहून देते.

मग मोबाइलला रेंज आली. त्यापुढचं तुला ठाऊक आहे, ते मी लिहिणार नाही. बयाबाईला सांगितलं आहे की वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं.

पुढची मोठी खोली रिकामी केली आहे. खाट पूर्वेच्या खिडकीशी लावली, तिथून डोंगर दिसतो. दवाखान्यातली एक नर्स एक दिवसाआड यायला तयार आहे. यादी पाठव. या वेळी मी मागते आहे.

क्रांती

---

कोल्हापूर,
३१ जानेवारी २०२५

ती. क्रांतीताई यांच्या सेवेशी,
स. जयभीम वि. वि.

तुम्ही लिहिणार नाही म्हणता, तर मी लिहिते. कुठंतरी राहिलं पाहिजे.

रविवारी दुपारी मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. फोनवर तुमचं नाव आलं. मला वाटलं, मागच्या मिनिटाची परतफेड असेल, म्हणून कानाला लावून मीही गप्प उभी राहिले. वारा घोंघावत होता. मग तुम्ही बोललात. तुम्ही म्हणालात, प्रीती, अर्ज दिऊ नगंस. आई माझीबी हाय. मला कुणी विचारलं न्हाय म्हणून मी रुसून बसले, आता मीच विचारते. आईला माझ्याकडं देशील का?

एकतीस वर्षं शुद्ध भाषा शिकवणारी बाई दिऊ नगंस म्हणेल, असं मला वाटलं नव्हतं. तुम्हाला वाटलं असेल की मी अजून अबोला धरून आहे. मी ओला टॉवेल तोंडाला धरून उभी होते. शेवटी व्हय म्हणाले तेव्हा रेंज गेली होती की नाही, मला माहीत नाही. परत लावून व्हय म्हणाले, ते तर ऐकलंच असेल.

तर तुम्ही आधी बोललात, म्हणजे हरलात. मी हे कुणाला सांगणार नाही, ऑफिसातले सोडून.

घरी सगळं ठरवलं आहे. परवा रविवारी गाडी करून आईंना घेऊन येतो. पावसाळा लागेपर्यंत त्या तुमच्याकडं, पावसाळ्यात तुम्ही दोघी इकडं, दवाखाना जवळ म्हणून. शनिवारी-रविवारी हे गारगोटीला येणार. तसं ते स्वतःच म्हणाले, मॅच चालू असताना. आईंना सांगितलं की क्रांतीताईंकडं जायचं. त्यांनी माझ्या ऑफिसच्या पिशवीकडं बोट केलं आणि जा म्हणाल्या. श्रुतीच्या वेळीही एवढंच म्हणाल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसून पोटभर रडले, मग साडेनऊची बस पकडली.

आज शेवटची तारीख. संध्याकाळी साहेबांनी विचारलं, अर्ज आणलाय ना? मी म्हणाले, घरी राहिला. खरंच घरी आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आईंची यादी लिहिली आहे, ती सोबत जोडली आहे. कागद चांगला जाड आहे, भिंतीवर टिकेल. वरवंटा तुमच्याकडंच राहू दे. पाटाही आणते आहे.

यादीत चुका असतील. लाल पेनानं सुधारून परत पाठवू नका. फोन करा.

तुमची,
प्रीती